राज्य कुणावर? बालवाडीतल्या लोकशाहीबद्दल पालक आणि ताई नेहमी विचारतात ते प्रश्न

बावीस वर्षं मी कोल्हापुरातल्या एका पेठेत बालवाडी चालवली. आता आसपासच्या गावांतल्या बालवाडी-अंगणवाडीच्या ताईंबरोबर काम करते. जूनची पालकसभा असो की ताईंचं शिबिर, प्रश्न तेच येतात. म्हणून एकदाचे लिहून ठेवते. क्रम काही लावलेला नाही. ज्या प्रश्नावर सभेत जास्त आवाज चढतो त्याला इथे जास्त जागा मिळाली आहे.

तीन-चार वर्षांच्या पोरांना लोकशाही काय कळणार?

शब्द कळणार नाही, आणि तो शिकवूही नये. पण कुठल्याही बालवाडीच्या दारात सकाळी दहा मिनिटं उभे राहा. "आधी मी हुतो!" "तिला जास्त दिलं!" "मला इचारलंच न्हाई!" या तीन तक्रारी ऐकू आल्या नाहीत तर त्या दिवशी शाळेला सुट्टी आहे असं समजा. आपली पाळी, आपला वाटा आणि आपल्याला विचारलं जाणं, मोठ्यांची सगळी भांडणंसुद्धा याच तीन गोष्टींवर चालतात. मूल ती घेऊनच शाळेत येतं. आपण त्याला एवढंच दाखवायचं असतं की शेजारच्या मुलाच्याही याच तीन तक्रारी आहेत.

मुलांना वाटतं त्यापेक्षा जास्त कळतं, याला अभ्यासाचाही आधार आहे. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ ज्युडिथ स्मेताना यांनी १९८१ मध्ये अडीच ते पाच वर्षांच्या मुलांशी बोलून पाहिलं होतं. खेळणी जागेवर न ठेवणं आणि दुसऱ्याला मारणं, या दोन्ही गोष्टींना शाळेत मनाई. पण त्यातला फरक या वयाच्या मुलांनाही समजत होता. खेळण्यांचा नियम शाळेपुरता. मारणं मात्र नियम नसला तरी वाईटच. म्हणजे 'बाई रागावतात म्हणून' याच्या पलीकडचं काहीतरी त्या डोक्यात आधीच असतं. आपण रोज 'बाई रागावतील हं' म्हणत राहिलो की ते दबतं.

मग तुम्ही बालवाडीत निवडणूक घेता का? मॉनिटर निवडता?

नाही. आपल्याकडे लोकशाही म्हटलं की निवडणूक, निवडणूक म्हटलं की ईर्षा आणि ईर्षा म्हटलं की गुलाल. दूध संघापासून ग्रामपंचायतीपर्यंत हेच. आम्ही कोल्हापूरकर पेठेच्या फुटबॉलवरून शेजाऱ्याशी आठवडाभर बोलत नाही. त्यामुळे चार वर्षांच्या मुलांत 'निवडून आलेला' आणि 'पडलेला' तयार करायची घाई मला तरी नाही. मॉनिटर नेमला की तो पहिल्या दिवशी पट्टी मागतो, हा अनुभव आहे.

आमच्याकडे कामं फिरतात. चटया घालणं, पाण्याची बाटली शोधून देणं, कुंडीला पाणी, आज कोण आलं नाही ते सांगणं. भिंतीवर प्रत्येकाचं चित्र आहे, कारण नाव वाचता येत नाही. रोज चित्र एक घर पुढे सरकतं. ज्याचं काम त्याचा त्या दिवशी शब्द चालतो; चटया कुठे घालायच्या हे मीही त्याला विचारते.

आपल्या खेळांत एक फार शहाणा शब्द आहे: राज्य. लपाछपीत 'राज्य कुणावर?' असं आपण विचारतो. राज्य मिळत नाही, राज्य येतं. ज्याच्यावर येतं त्याला डोळे मिटून शंभर म्हणावे लागतात आणि मग सगळ्यांना शोधत फिरावं लागतं. आणि ते उतरतं, दुसऱ्यावर जातं. सत्ता म्हणजे काम आणि तेही पाळीचं, हे मराठी मुलांनी खेळता खेळता कधीच ठरवून टाकलेलं आहे. राज्य कुणावर ते ठरवायला मुलं चकतात, काही गल्ल्यांत त्याला सुटणं म्हणतात. तळवे उताणे की पालथे, वेगळा पडला तो सुटला. तिथे बाईंच्या लाडक्याचं काही चालत नाही. कुणी दमलं, लागलं, चप्पल तुटली की 'टॅम्प्लीज'. सगळ्यात धाकटं पोरगंही ते म्हणू शकतं आणि खेळ थांबतो. धाकट्यांसाठी 'लिंबूटिंबू' आहे: खेळात घ्यायचं, पण आऊट करायचं नाही.

लिंबूटिंबूबद्दल मात्र माझं एक भांडण आहे. त्यात माया आहे, पण मोजणी नाही. लिंबूटिंबू पकडला गेला तरी त्याच्यावर राज्य येत नाही. अपंग मूल, नुकतं आलेलं परक्या भाषेचं मूल, यांना आपण वर्गात वर्षभर लिंबूटिंबू ठेवतो आणि 'आम्ही सामावून घेतलं' म्हणतो. त्याच्यावरही कधीतरी राज्य आलं पाहिजे.

मतदान तरी? सहलीला कुठे जायचं वगैरे?

करून पाहिलं आहे, आणि फसलं आहे. २०१९ चा डिसेंबर. रंकाळा तलाव की टाउन हॉलची बाग? दोन ताटं मांडली, प्रत्येकाला बाटलीचं एक झाकण दिलं, हव्या त्या ताटात टाकायचं. रंकाळ्याला तेरा, बागेला नऊ. मी खूश, मोजणी झाली, गणित झालं, लोकशाही झाली. तेवढ्यात त्या नऊ जणांतली एक मुलगी रडायला लागली आणि एक मुलगा दप्तर घेऊन दाराशी जाऊन उभा राहिला. "मी येणारच न्हाई."

मी समजूत काढायला गेले की जास्त मुलांना हवं ते आपण करतो. आमच्या मदतनीस मावशी माझ्यापेक्षा शहाण्या. त्यांनी नुसतं विचारलं, "का रं बाळा?" तो म्हणाला, "पाण्याजवळ न्हाई जायाचं." ऑगस्टमध्ये त्याच्या घरात पंचगंगेचं पाणी माळ्यापर्यंत आलं होतं. रडणाऱ्या मुलीचंही तेच. झाकणं मोजताना यातलं काहीच मला दिसलं नव्हतं, कारण झाकण 'का' सांगत नाही.

दोन दिवस गोलात बोललो. तेरा जण काही लगेच विरघळले नाहीत, चार वर्षांची मुलं संत नसतात. शेवटी ठरलं ते असं: रंकाळ्यालाच जायचं, पण काठावर नाही, तिथल्या बागेच्या बाजूला बसायचं, भेळ खायची आणि ज्याला पाणी बघायचं त्याने मावशीचा हात धरून बघून यायचं. दाराशी उभा राहिलेला मुलगा आला. पाण्याकडे पाठ करून भेळ खाल्ली.

तेव्हापासून मत मागायचं तर आधी 'का' विचारते, आणि हरणाऱ्यांचं काय करायचं याचा विचार मोजणीच्या आधी करते. गाणं कुठलं म्हणायचं अशा हलक्या गोष्टीला हात वर करणं ठीक आहे. आज तुझं, उद्या माझं.

सगळं मुलांनीच ठरवायचं तर बाईंचं काम काय?

सगळं मुलांनी ठरवायचं नाही. हात धुवायचे की नाही, रस्ता ओलांडताना दोरी धरायची की नाही, फाटकाबाहेर जायचं की नाही, हे मी ठरवते आणि कारण सांगते. कारण पटलं नाही तरी ठरवते.

ताईंना मी एकच सांगते: ज्याचं उत्तर तुम्ही आधीच ठरवलंय तो प्रश्न विचारू नका. "आता आपण गोष्ट ऐकूया का?" असं गोड आवाजात विचारायचं, मूल "नको" म्हणालं की डोळे वटारायचे. त्यापेक्षा "आता गोष्ट आहे, चटईवर बसून ऐकायची की झाडाखाली?" हा खरा प्रश्न. छोटा आहे, पण खरा आहे. मुलांना फसवा प्रश्न लगेच ओळखू येतो, आणि पुढे मोठेपणी तो ओळखूनही गप्प बसायची सवय लागते.

अवघड भाग मुलांचा नाहीच, आपला आहे. आपण सगळे 'हाताची घडी, तोंडावर बोट' करून मोठे झालो. शांत वर्ग म्हणजे चांगला वर्ग हे हाडात मुरलंय. पर्यवेक्षिका येणार म्हटलं की अजून माझ्या घशाशी ते वाक्य येतं. एका शिबिरात ताईंना सांगितलं, उद्या तासाभरात तुम्ही किती वेळा हुकूम सोडता ते खडूने भिंतीवर रेघा ओढून मोजा. दुसऱ्या दिवशी एक ताई म्हणाली, "भिंत संपली बाई." सगळ्या हसल्या. मीही माझ्या रेघा मोजल्या होत्या, त्या मात्र मी तिथे सांगितल्या नाहीत.

वर्गाचे नियम मुलं करतात म्हणे?

थोडे. वर्षाच्या सुरुवातीला नाही, कारण तेव्हा गरजच कळलेली नसते. काहीतरी बिनसतं, मग नियम होतो. चित्रांची पुस्तकं फाटायला लागली, गोलात बोललो, एकाने सांगितलं "दोघांनी एक पुस्तक वढायचं न्हाई", ते मी त्याच्याच शब्दांत लिहिलं आणि शेजारी चित्र काढलं. महिन्याने तो नियम अडचणीचा झाला, कारण दोघांना मिळून एक पुस्तक बघायचं होतं. मग बदलला: "दोघांनी बगायचं, वढायचं न्हाई."

हा बदल मला सगळ्यात मोलाचा वाटतो. मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे यांनी स्वित्झर्लंडमध्ये गोट्या खेळणाऱ्या मुलांचं निरीक्षण करून १९३२ मध्ये मांडलं होतं की लहान मुलांना नियम मोठ्यांकडून आलेला, न बदलणारा वाटतो. बरोबरीच्या मुलांशी खेळता खेळता पुढे उमजतं की आपण सगळ्यांनी मान्य केलं तर तो बदलता येतो. आपल्याकडे बऱ्याच मोठ्या माणसांनाही ते उमजलेलं नसतं, ते सोडा.

भांडण झालं की काय करता? आमच्या पोराला कुणी मारलं तर?

भांडण मिटवायची घाई करत नाही. मारणं मात्र ताबडतोब थांबवते, तिथे चर्चा नाही.

समजा तीनचाकी सायकल एक आणि ओढणारे दोघे. पूर्वी मी सायकलच उचलून कपाटावर ठेवायची. "दोघांनाही नाही!" न्याय झाला असं मला वाटायचं. मुलांच्या दृष्टीने तिसऱ्याच कुणीतरी दांडगाई केली होती. आता मी खाली बसते, म्हणजे खरोखर जमिनीवर. उभ्या बाईकडे बघून मूल खरं बोलत नाही. सायकलवर हात ठेवते, म्हणजे ती कुणाचीच नाही. मग एकाला म्हणते, काय झालं सांग. दुसरा मध्ये बोलतोच. त्याला, तुझं ऐकणार आहे, आधी याचं. मग पहिल्याचं मी दुसऱ्याला परत सांगते: "हा म्हणतोय, तो फक्त पाणी प्यायला उतरला होता." बऱ्याचदा दुसऱ्याचा चेहरा इथेच बदलतो, कारण त्याला हे माहीतच नसतं. दुसऱ्याच्या डोक्यात आपल्यापेक्षा वेगळं काही असू शकतं, हे साधारण चौथ्या वर्षाच्या आसपास मुलांना नीट उमजायला लागतं. तोपर्यंत ते त्यांना कुणीतरी उच्चारून दाखवावं लागतं.

मग विचारते, आता काय करूया? आणि गप्प बसते. हे गप्प बसणं सगळ्यात कठीण. मिनिटभर कुणीच बोलत नाही, तिकडे तिसरं कुणीतरी पाणी सांडत असतं. पण उत्तर येतं. "आंब्याला दोन फेऱ्या मारल्या की दुसऱ्यानं घ्यायची." मला सुचलं नसतं, मी घड्याळ आणलं असतं, जे त्यांना वाचता येत नाही. त्यांच्या हिशोबाचं माप आंबा होता.

कधी काहीच सुचत नाही आणि दोघेही रुसून जातात. तेही चालतं. कट्टी दुपारपर्यंत टिकत नाही.

"सॉरी म्हण" हे मी बंद केलं. बालवाडीतला तो सगळ्यात स्वस्त शब्द आहे. मूल तोंडाने सॉरी म्हणतं आणि डोळ्यांनी पुढचा फटका ठरवतं. त्याऐवजी, "तिच्या गुडघ्याला लागलंय, काय आणूया?" मग तो पळत जाऊन ओला रुमाल आणतो.

आम्ही तर पोराला सांगतो, मार खाऊन यायचं नाही, देऊन यायचं.

हे कोल्हापूर आहे, मला नवल नाही. पण तालमीच्या गावात हे सांगताना थोडा विचार करा. खासबागेचं मैदान १९१२ पासून उभं आहे. तिथे लाल मातीत उतरलेले दोन पैलवान आधी हात मिळवतात. ठोसा चालत नाही, केस ओढणं चालत नाही, पाठ टेकली की सोडायचं आणि पंचाचं ऐकायचं. म्हणजे ताकदीच्या खेळातसुद्धा 'देऊन ये' असं काही नसतं. तुमच्या पोराला मी मुळूमुळू करणार नाही. "मला मारू नकोस" असं मोठ्या आवाजात, समोर बघून म्हणायला शिकवते. त्याला बळ लागतं.

डब्यावरून मध्ये काय झालं होतं?

हा प्रश्न दर वर्षी वेगळ्या प्रसंगावरून येतो. मूळ एकच. चार वर्षांची मुलगी शेजारच्या मुलाला म्हणाली, "आमच्यात अंडं चालत नाही, तू लांब बस."

'आमच्यात' आणि 'तुमच्यात'. या दोन शब्दांत काय काय भरलेलं आहे ते मराठी माणसाला समजावून सांगायला नको. मुलीला जात माहीत नव्हती. तिला फक्त वाक्य माहीत होतं, आणि ते म्हणताना मान कशी वेळावायची तेही. तिला रागावून काय होणार? ती घरचंच बोलत होती.

आम्ही ठरवलं ते असं: न खाण्याचा हक्क प्रत्येकाला आहे, हाकलण्याचा कुणालाच नाही. तिला अंडं खायला कुणी लावणार नाही, चाखायलाही नाही. आणि तो तिथेच बसेल. डब्याला कुणाशेजारी बसायचं ते रोज रंगीत चिठ्ठी उचलून ठरतं, त्यामुळे 'ठरलेली' जागाच उरत नाही. डब्यातलं बघून कुणी "ई" म्हणायचं नाही, हा मुलांनीच केलेला नियम. तो कारल्याच्या भाजीवरून झाला होता, अंड्यावरून नव्हे.

मुलीच्या आजी भेटायला आल्या. "आमचं सोवळं तुम्ही मोडणार का?" मी म्हटलं, तिच्या ताटात कुणी काही वाढणार नाही आजी, पण तिने कुणाला उठवायचं नाही. आजी थोडा वेळ गप्प बसल्या. पटलं असं म्हणाल्या नाहीत. मुलीला शाळेतून काढलंही नाही.

या गावात ही गोष्ट सांगायला दूर जावं लागत नाही. राजर्षी शाहू महाराजांच्या पागेत काम करणाऱ्या गंगाराम कांबळे यांना पाण्याला शिवले म्हणून मारहाण झाली होती. महाराजांनी त्यांना चहाचं दुकान काढायला मदत केली, आणि लोक तिथे जाईनात तेव्हा स्वतः जाऊन तिथला चहा पिऊ लागले. आम्ही हे मुलांना मारहाण वगळून सांगतो: एका दुकानात कुणीच जात नव्हतं, मग राजा गेला. प्रश्न छान येतात. "राजानं पैशे दिले?" "बशीत वतून पिला?" एकीने विचारलं, "कुणी का जात न्हवतं?" त्यावर मी दुसऱ्या एकाला विचारलं, तुला काय वाटतं? तो म्हणाला, "त्यांस्नी कुणीतरी सांगितलं आसंल, जाऊ नका म्हणून."

वाटून खायची सवय लागत नाही. स्वार्थी आहे का आमचा मुलगा?

किती वर्षांचा? साडेतीन? मग वयाने आहे तसाच आहे. अर्थतज्ज्ञ अर्न्स्ट फेर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये स्विस मुलांना गोळ्या-चॉकलेट वाटायला लावून पाहिलं होतं. तीन-चार वर्षांची बहुतेक मुलं स्वतःकडे ओढत होती, सात-आठ वर्षांची बरीच मुलं समान वाटप निवडत होती. जबरदस्तीने हातातलं काढून दुसऱ्याला देऊ नका. ज्याच्या हातातून काढलं तो वाटणं शिकत नाही, काढून घेणं शिकतो. वाटायचं काम त्याच्याकडे द्या. वाटणाऱ्याकडे सगळे डोळे लावून बसलेले असतात, तिथे मूल फार काटेकोर होतं.

मुलगे भातुकली खेळतात म्हणे तुमच्याकडे?

हो. आणि पोळपाटावरून भांडतातही.

बोलीत बोललं की शुद्ध करायचं की नाही?

"बाई, मला व्हय म्हणायचं हुतं" असं मूल म्हणालं आणि तुम्ही "होय म्हण" म्हणालात की त्याचं म्हणणं तिथेच संपतं. पुन्हा तो हात वर करत नाही. मी उत्तर माझ्या भाषेत देते, त्याची भाषा त्याच्याकडे राहू देते. चार-सहा महिन्यांत त्याला दोन्ही येतात.

जास्त कसोटी वेगळ्याच मुलांची असते. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत काम करणाऱ्यांची हिंदी-भोजपुरी बोलणारी मुलं, सीमेकडची कन्नड मुलं, गळीत हंगामात ऊसतोडणीच्या टोळीबरोबर आलेली आणि चार महिन्यांत जाणारी मुलं. अंगणवाडीच्या ताई म्हणतात, जाणारच आहे तर चित्र भिंतीवर कशाला लावायचं? लावायचं. चार महिने तर चार महिने, पण चटया घालायची पाळी त्याचीही आली पाहिजे. कन्नड मुलीकडून सगळ्या वर्गाने 'बा' म्हणजे 'ये' एवढं शिकलं तरी तिचा हात खेळाकडे सुटतो.

काही मुलं गोलात तोंडच उघडत नाहीत. त्यांचं काय?

गोल हा बोलक्यांचा दरबार होऊ शकतो, खरं आहे. आम्ही एक लाकडी भोवरा फिरवतो. हातात असेल त्याने बोलायचं, नसेल बोलायचं तर पुढे द्यायचा, कुणी टोकायचं नाही. काही मुलं भोवरा दोन महिने नुसतीच पुढे देतात. त्यांना मी नंतर माती मळताना, चपला घालताना विचारते. चित्रातून सांगणारी असतात, बोट दाखवणारी असतात. तेही सांगणंच.

पट पस्तीसचा आणि ताई एक. हे सगळं कागदावर ठीक आहे.

बरोबर आहे तुमचं. पोषण आहार, वजनं, लसीकरण, मोबाइलमधली नोंद, गरोदर बायकांच्या भेटी, आणि त्यात हे. अंगणवाडी ताईवर ही सगळी कामं टाकून वर लोकशाहीचं प्रशिक्षण देणाऱ्यांचा मलाही राग येतो, त्यात मीही आले.

म्हणून ताईंना मी एवढंच मागते: दिवसातला एक निर्णय. फक्त एक, पण खरा. आज खेळ कुठला, किंवा गाणं कुठलं, किंवा चटई कुठे. पस्तीस जणांचा गोल करू नका, दहा-बाराचे तीन करा. एक गोल तुमच्याबरोबर, बाकीची मुलं मदतनीस ताईंबरोबर मातीत आणि ठोकळ्यांत. रोज गोल बदला. आठवड्यात प्रत्येकाची दोनदा पाळी येते. एवढ्यानेही वर्गाचा आवाज बदलतो. कमी होत नाही, बदलतो.

मुलगा घरी उलट उत्तरं द्यायला लागलाय. हे तुम्ही शिकवलं?

"का?" विचारायला शिकवलं, हो. "तुम्हीच तर मोबाइल बघताय" असं तो जेवताना म्हणाला असेल तर ते उलट उत्तर आहे की खरं बोलणं, हे तुम्ही ठरवा. सूर चुकला असेल तर सूर सुधारा. म्हणणं ऐकून घ्या. घरी रोज सभा भरवा असं मी म्हणत नाही. रविवारी तांबडा की पांढरा, एवढं जरी विचारलंत तरी पुरे. आणि विचारलंत तर मग तोच करा.

पहिलीत गेल्यावर हाल होणार नाहीत का? तिथे तर छडी आहे.

छडीला कायद्याने बंदी आहे. शिक्षण हक्क कायदा, २००९, कलम १७. पण तुमचा प्रश्न त्याच्या पुढचा आहे, कळतंय. काही मुलांना सुरुवातीला जड जातं. एक मुलगी पहिल्या आठवड्यात नव्या बाईंना म्हणाली, "आमच्यावर पण एकदा राज्य द्या की." बाईंनी तिला उभं केलं. तिने मला येऊन सांगितलं तेव्हा वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण मुलांना मामाच्या घरचे आणि आपल्या घरचे नियम वेगळे असतात हे कळतं. तसंच हेही कळतं. दुसरीकडे कसं असू शकतं ते एकदा पाहिलेलं मात्र राहतं.

हे परदेशी खूळ आहे का?

मुळीच नाही. ताराबाई मोडक आणि गिजुभाई बधेका यांनी १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ सुरू केला. ताराबाईंनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचं काम उभं केलं, अनुताई वाघ तिथेच त्यांना येऊन मिळाल्या. मुलं शाळेत येत नाहीत म्हणून शाळाच त्यांच्या अंगणात नेली, त्यातून अंगणवाडी हा शब्द आला. सरकारची एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ ची. शब्द तिच्याआधीचा आहे. मुलाला विचारल्याशिवाय त्याच्याबद्दल ठरवायचं नाही, हे त्या अंगणातच सुरू झालं होतं.

कोल्हापूरचं म्हणाल तर शाहू महाराजांनी संस्थानात १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, आणि १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सगळ्यांना एका शाळेत बसवायचा हुकूम काढला. एका चटईवर बसणं हा इथे आधी राजाचा हुकूम होता. पुढे लीलाताई पाटील यांनी १९८५ मध्ये सृजन आनंद विद्यालय सुरू केलं; मुलांचं बोलणं गांभीर्याने घेणारी प्राथमिक शाळा कशी असते ते आमच्या पिढीच्या शिक्षिकांनी तिथे जाऊन पाहिलं.

परदेशाचं नावच हवं असेल तर अमेरिकेतले शिक्षणतज्ज्ञ जॉन ड्युई घ्या. लोकशाही ही फक्त राज्य चालवायची रीत नाही, एकमेकांबरोबर जगायची रीत आहे, असं ते मांडत. कोलंबिया विद्यापीठात त्यांचे एक विद्यार्थी होते भीमराव आंबेडकर, जे १९२० च्या मार्चमध्ये आपल्या माणगावच्या अस्पृश्य परिषदेचे अध्यक्ष होते. म्हणजे ते खूळही फिरून कोल्हापूर संस्थानातच आलं.

कायद्यात, धोरणात हे कुठे आहे का? शाळेच्या संचालकांना दाखवायचंय.

संविधानाचं कलम ४५, २००२ च्या ८६ व्या दुरुस्तीनंतर, सहा वर्षांपर्यंतच्या सगळ्या मुलांच्या संगोपन आणि शिक्षणाबद्दल आहे. संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क करारातलं कलम १२ मुलाचं म्हणणं ऐकून घ्यायला सांगतं. भारताने तो करार १९९२ मध्ये स्वीकारला. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात तीन ते आठ वर्षं हा पायाभूत टप्पा धरला आहे आणि खेळातून शिकण्यावर भर आहे. एवढं दाखवा. तरीही ते म्हणतील, "पण एबीसीडी कधी?"

झेंडावंदन, देशभक्तीची गाणी, संविधान दिन?

करतो. गाणी मुलांना आवडतात. पण २६ जानेवारीला चार वर्षांच्या मुलाकडून उद्देशिका पाठ म्हणवून घेतली आणि २७ जानेवारीला त्याला न विचारता त्याची जागा बदलली, तर माझ्या हिशोबी त्यातली २७ तारीख जास्त शिकवते.

फरक पडतो हे कशावरून?

मोजपट्टी नाही माझ्याकडे. एक खेळ सांगते.

२०१९ च्या पुरानंतर शाळा उघडली तेव्हा मुलं रोज एकच खेळ खेळायची, पूर-पूर. खुर्च्या उलट्या करून बोट, ठोकळ्यांची घरं आणि एक जवान. जवान कायम तोच एक मुलगा, आवाज मोठा म्हणून. बोटीत कुणी बसायचं ते तोच ओरडून सांगायचा. रोज रडारड. ज्यांनी खरा पूर पाहिला होता ती मुलं खेळातही मागेच राहायची, चटईवर.

मी खेळ बंद केला नाही, सांगितलंही काही नाही. फक्त एकदा विचारलं, जवानाचं राज्य कुणावर कुणावर येतं? एवढंच.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी बघितलं तर तो मोठ्या आवाजाचा मुलगा चटईवर बसला होता. "आज माझ्यावर न्हाई, तिच्यावर हाय." ती म्हणजे सहलीच्या वेळी रडलेली. ती बोटीत उभी राहिली आणि तिने विचारलं, "पैल्यांदा कोण?" कुणी म्हणालं बाळ. कुणी म्हणालं आज्जी. पाण्याकडे पाठ करून भेळ खाणारा म्हणाला, "म्हस."

मोठी चर्चा झाली. म्हैस बोटीत मावत नाही. म्हैस बसली तर आज्जी बसणार नाही. म्हैस ठेवली तर दूध कोण देणार? तो काही बोलेना, नुसता "म्हस" म्हणत राहिला. मग जवानाने त्याला विचारलं, "तुमची ऱ्हायली हुती व्हय?" त्याने मान हलवली.

त्यांनी बोटीला मागून आणखी दोन खुर्च्या लावायला घेतल्या, म्हशीसाठी. म्हशीला पोहता येतं, असं सांगायला मी तोंड उघडलं होतं. मिटलं, आणि त्यांना तिसरी खुर्ची नेऊन दिली.